‘सार्डिन्स’चा शेवट पटतो कशामुळे? अर्ध्या तासाच्या काळ्या विनोदी संहितेविषयी

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. ‘इनसाइड नंबर नाइन’ या ब्रिटिश मालिकेचा ‘सार्डिन्स’ हा भाग पाहून तुम्ही एक अर्ध्या तासाची एकांकिका लिहिली आहे. आजीच्या दिवसकार्यासाठी जमलेले नातेवाईक फ्लॅटचे दार अडकल्यामुळे आत कोंडले जातात आणि आजीचा मृत्यू नैसर्गिक नव्हता, हे अखेरीस उघड होते. संहिता वाचलेल्यांपैकी काहींनी शेवट आधीच ओळखला आणि काहींना तो आभाळातून पडल्यासारखा वाटला. शेवटचा धक्का अधिक चांगला कसा लपवावा, असा तुमचा प्रश्न आहे. उत्तरात त्या भागाचा शेवट सांगावा लागणार आहे. ज्यांना तो अजून पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून मग पुढे वाचावे.

मी अनेक वर्षे एकांकिका बसवतो आणि इतरांच्या संहिता वाचून त्यांवर काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्हाला मिळालेल्या दोन्ही प्रतिक्रिया वरवर परस्परविरोधी दिसल्या तरी त्या एकाच दोषाकडे बोट दाखवतात. तुमच्या संहितेत विनोद एका कप्प्यात आहे आणि रहस्य दुसऱ्या कप्प्यात आहे. ज्या वाचकाचे लक्ष रहस्याकडे होते त्याला मधले विनोद म्हणजे वेळ काढणे वाटले आणि तो पुढे धावून शेवटापर्यंत पोहोचला. जो विनोदात रमला होता त्याला शेवट दुसऱ्याच नाटकातून आल्यासारखा वाटला. अशा संहितेत लपवण्याचे कौशल्य कितीही वाढवले तरी फरक पडत नाही, कारण ‘सार्डिन्स’मध्ये जे लपलेले आहे आणि ज्यावर आपण हसतो ते मुळात एकच आहे. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ हे दोघे या मालिकेचे लेखक असून बहुतेक भागांत तेच अभिनयही करतात. २०१४ ते २०२४ या काळात बीबीसी टूवर तिची नऊ पर्वे झाली, एकूण ५५ भाग. प्रत्येक भागाची कथा वेगळी, पात्रे वेगळी. समान धागा एवढाच की गोष्ट नऊ क्रमांकाच्या कुठल्या तरी दाराआड घडते. बहुतेक भाग अर्ध्या तासाचे आणि जवळजवळ एकाच जागेत घडणारे आहेत. या दोघांच्या आधीच्या ‘सायकोव्हिल’ या मालिकेत एक संपूर्ण भाग एकाच खोलीत आणि अगदी मोजक्या, लांबलचक शॉट्समध्ये चित्रित झाला होता. त्या प्रयोगातून पुढे या मालिकेची कल्पना आली. ‘सार्डिन्स’ हा पहिल्याच पर्वाचा पहिला भाग, ५ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रसारित झालेला आणि डेव्हिड केर यांनी दिग्दर्शित केलेला.

आता त्यातल्या खेळाकडे येऊ. आपल्या लपंडावात एकावर राज्य असते आणि बाकीचे लपतात. सार्डिन्स हा त्याच्या उलट खेळ आहे. यात एकच जण लपतो, बाकीचे सगळे त्याला शोधतात आणि ज्याला तो सापडतो त्याने आरडाओरडा न करता गुपचूप त्याच्याच जागेत शिरायचे असते. डब्यात मासे खच्चून भरावेत तशी माणसे त्या जागेत भरत जातात आणि जो अखेरपर्यंत बाहेर एकटा राहतो तो हरतो. मोठ्या घरातल्या साखरपुड्याच्या मेजवानीत हा खेळ सुरू आहे आणि लपण्याची जागा आहे शयनगृहातले एक जुने लाकडी कपाट.

या खेळाचा नियम लेखकाला किती गोष्टी फुकट देतो, हे जरा शांतपणे पाहा. पात्रे एकेक करून का येतात, याचे कारण वेगळे द्यावे लागत नाही. आलेले पात्र निघून का जात नाही, कुजबुजतच का बोलते, ज्याच्याशी बोलणेही नको अशा माणसाला खेटून का उभे राहते, या सगळ्याचे उत्तर नियमातच आहे. आत असलेल्यांना अजून न आलेल्यांविषयी बोलण्याची मुभा आहे आणि दार उघडताच विषय बदलण्याची सक्तीही. नियोजित वधू रिबेकाला तिच्या भावी नवऱ्याची जुनी मैत्रीण रेचेल तिथे असणे सलते आहे. रिबेकाचा भाऊ कार्ल आणि त्याचा जोडीदार स्टुअर्ट यांच्यात त्यांची स्वतःची कुरबुर आहे. घरातली जुनी मंडळी आहेत, ओळखीपाळखीचे लोक आहेत. प्रत्येकाला जवळ उभ्या असलेल्या कुणापासून तरी दूर जायचे आहे आणि ते शक्य नाही. इंग्लंडच्या सुखवस्तू वर्गातील शिष्टाचार असा की अडचणीचा विषय निघाला की तो हसून टाळायचा, आवाज चढवायचा नाही, पाहुण्यांदेखत काही उघडे करायचे नाही. पहिली वीस मिनिटे आपण हसतो ती या टाळाटाळीवर हसतो.

आणि शेवट काय आहे? त्या घराच्या कर्त्या पुरुषाने, वधूच्या वडिलांनी, पूर्वी एका लहान मुलाचे लैंगिक शोषण केले होते आणि ते प्रकरण दाबले गेले होते. कपाटात सगळ्यांआधी सापडलेला, इयन म्हणून वावरणारा नीरस गृहस्थ प्रत्यक्षात तो मोठा झालेला मुलगा आहे. तो कपाट बाहेरून बंद करतो, त्यावर लायटरमध्ये भरायचे तेल उडवतो आणि लायटर हातात घेतो. दडपण्याची ही घटना म्हणजे मघापासून आपण ज्यावर हसत होतो त्याच टाळाटाळीचे टोक आहे. नको तो विषय निघाला की हसून बाजूला सारायचा ही या कुटुंबाची सवय आपण समोर पाहत होतो, आणि त्याच सवयीने एका मुलाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, हे शेवटी कळते. म्हणून तो शेवट आभाळातून पडत नाही. प्रेक्षकाकडे त्याचा पुरावा आधीपासून होता; त्याला तो विनोद वाटत होता, एवढेच.

या भागातली दोन पात्रे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या लेखकांना नेहमी बारकाईने पाहायला सांगतो. पहिला अर्थातच टिम की यांनी साकारलेला इयन. तो कंटाळवाणा आहे आणि हा कंटाळवाणेपणा फार विचारपूर्वक योजलेला आहे. कंटाळवाण्या माणसाला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. तो कोण, कुठला, इथे कसा, याची चौकशी सभ्य माणसे एका वाक्यात उरकतात. लेखकाने त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात लपवलेले नाही, सगळ्यांच्या मध्ये उभे केले आहे आणि इतरांच्या असभ्य सभ्यतेने तो झाकला गेला आहे. शिवाय खेळाच्या नियमाप्रमाणे लपणारा तो आहे, म्हणजे कपाट त्याने निवडलेले आहे. पहिल्यांदा पाहताना आपल्याला हा निव्वळ खेळाचा भाग वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की सगळ्यांनी एकेक करून स्वतःहून आपल्याकडे यावे आणि दार ओढून घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे. त्याला खऱ्या अर्थाने ओळखू शकेल असा माणूस बराच वेळ कपाटाबाहेरच आहे आणि त्यालाही खेळाचाच आधार आहे. एकाच नियमातून विनोद, रचना आणि सापळा हे तिन्ही निघालेले अशी संहिता क्वचित वाचायला मिळते.

दुसरे पात्र मार्क वूटन यांनी केलेले जॉन. तो अंघोळ करत नाही म्हणून त्याला सगळे त्याच्या वासावरून हाक मारतात आणि त्या चिंचोळ्या जागेत त्याचा प्रवेश हा हमखास हशाचा क्षण आहे. पुढे त्याच्या या अवस्थेचा धागा त्याच जुन्या प्रकरणाशी जोडला जातो आणि आपण कशावर हसलो होतो, याची लाज वाटू लागते. काहींना ही प्रेक्षकाची फसवणूक वाटते. मला तसे वाटत नाही. माझ्या मते या भागाचा नैतिक कणा इथेच आहे, कारण पीडिताची थट्टा करणाऱ्यांमध्ये प्रेक्षकाला सामील करून घेतल्याशिवाय अशी प्रकरणे वर्षानुवर्षे कशी झाकली जातात, हे त्याला आतून कळणार नाही. ही थट्टा कपाटातल्या माणसांच्या तोंडी आहे. लेखकांचे स्वतःचे लक्ष तिच्या परिणामावर आहे.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. बीबीसीचा अत्यंत लोकप्रिय निवेदक जिमी सॅव्हिल याने अनेक दशके मुलांचे शोषण केल्याचे त्याच्या मृत्यूनंतर, ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीरपणे पुढे आले आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये मोठा पोलीस तपास सुरू झाला. अनेकांना कुणकुण होती आणि कोणी बोलले नाही, ही त्या देशातली ताजी वेदना होती. लेखकांनी तीच डोळ्यांपुढे ठेवली होती, असा माझा दावा नाही. मात्र २०१४ च्या प्रेक्षकाला घरातला आदरणीय वडीलधारा आणि भोवतालचे मौन यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. तुमच्या संहितेलाही असा, प्रेक्षकाला न सांगता ठाऊक असलेला एखादा आधार हवा आहे.

इथपर्यंतचे सार असे की ‘सार्डिन्स’चे यश माहिती दडवण्यात नाही. एक नियम, त्या नियमातून उमटणारे वागणे आणि त्याच वागण्याचा भयंकर परिणाम, अशी ती साखळी आहे. यातले तुमच्या कामी किती येईल, हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट माध्यम. कॅमेरा कपाटात शिरतो, चेहऱ्याजवळ जातो, एखाद्याची चुकवलेली नजर तेवढी दाखवतो. रंगमंचावर पंधराव्या रांगेतल्या माणसाला ती नजर दिसणार नाही. तिथे तीच गोष्ट शरीराच्या हालचालीतून, कोण कोणाशेजारी बसायचे टाळतो यातून दाखवावी लागेल. कुजबुजही रंगमंचावर खरी कुजबुज राहू शकत नाही. दुसरी गोष्ट वेळ. तुमचा प्रयोग स्पर्धेसाठी असेल आणि चाळीस-पन्नास मिनिटांपर्यंत मुभा असेल, तर ती सगळी वापरण्याचा मोह होईल. माझा सल्ला आहे की या प्रकारची गोष्ट अर्ध्या तासाच्या आसपासच ठेवावी, कारण बंद जागेतला ताण लांबवला की प्रेक्षक शेवटाविषयी तर्क करू लागतो आणि मग पात्रांकडे पाहत नाही. तिसरी गोष्ट तुमच्या नटसंचाची. सात-आठ पात्रांची चटकन ओळख पटवून देणारे नट नसतील, तर पाचच पात्रे घ्या.

आता माझी कामाची पद्धत सांगतो. शेवटात धक्का असलेली कोणतीही संहिता माझ्याकडे आली की पहिल्या वाचनानंतर मी ती पुन्हा, फक्त रहस्य ठाऊक असलेल्या पात्राच्या बाजूने वाचतो. प्रत्येक प्रवेशात त्याला काय हवे आहे, तो काय ऐकतो आहे, कुठल्या वाक्याला त्याच्या पोटात कालवाकालव झाली असेल, याची समासात नोंद करतो. त्या पात्राला दोन पाने काहीच नको असेल, ते नुसते शेवटाची वाट पाहत बसले असेल, तर संहिता तिथे मेलेली आहे. त्यानंतर प्रत्येक विनोदासमोर एक प्रश्न लिहितो: शेवट माहीत असताना हे वाक्य ऐकले तर त्याला दुसरा अर्थ येतो का? सगळ्याच विनोदांना यावा असा हट्ट नसावा, नाहीतर संहिता हुशारीचे प्रदर्शन होते. पण ज्या हशावर प्रयोग पुढे सरकतो, त्या मोठ्या हशांना तरी तो दुसरा अर्थ असायलाच हवा. ज्याला नाही तो विनोद कितीही आवडता असला तरी काढून टाकावा, असे मी सांगतो आणि यावरून लेखकांशी माझे बरेच वाद होतात.

तुमच्या संहितेतल्या दोन गोष्टी या कसोटीवर मला खटकल्या. एक म्हणजे अडकलेले दार. दार अडकणे हा अपघात आहे. त्याने माणसे थांबतात, पण त्यांनी एकमेकांशी अमुक तऱ्हेने वागावे असे काही त्यातून निघत नाही, म्हणून तुम्हाला प्रत्येक वेळी कुणाला तरी जुना विषय मुद्दाम काढायला लावावे लागले आहे. खेळ हा नियम होता; तुम्हालाही नियम हवा. तो आपल्याकडे, तुमच्याच विषयात, तयार आहे. दहाव्याला पिंड ठेवल्यानंतर कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे असतात, जेवण खोळंबलेले असते आणि कावळा येत नाही असे दिसले की गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल, याचा अंदाज सुरू होतो. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्याने वचन देतो: धाकट्याचे शिक्षण आम्ही पाहू, घर विकणार नाही, ताईला तिचा वाटा देऊ. म्हणजे इथला नियमच माणसांना सगळ्यांसमोर बोलायला लावतो, निघून जाऊ देत नाही आणि आजीची खरी इच्छा ज्याला ठाऊक आहे त्याला गप्प उभे राहायला भाग पाडतो. वचनांची चढाओढ जितकी वाढेल तितका हशा वाढेल, आणि तीच वचने आजीच्या मृत्यूनंतर काय अर्थाची आहेत, हे शेवटी उघडे पडेल. घटना फ्लॅटमधून घाटावर न्यावी लागेल आणि तुमचे बंद दार जाईल. माझ्या मते ते गेलेलेच बरे.

दुसरी गोष्ट कामवाल्या बाईंचे पात्र. तुम्ही तिच्या बोलीवर आणि तिच्या गैरसमजांवर हशे घेतले आहेत आणि शेवटाशी त्या हशांचा काही संबंध नाही. काळ्या विनोदात कोणाची थट्टा करावी आणि कोणाची नाही, अशी सरसकट यादी मी देत नाही, मात्र जॉनच्या उदाहरणावरून एक निकष घ्या. दुबळ्या माणसावर प्रेक्षकाला हसवले असेल, तर त्या हसण्याचा हिशेब संहितेच्या शेवटापर्यंत चुकता झाला पाहिजे. तो करायचा नसेल तर हशा काढून टाका. आजीची रोजची शुश्रूषा जिने केली तिला घरातल्या कोणापेक्षाही अधिक माहिती असणार, हे तुमच्या लक्षातच आलेले दिसत नाही. कोणी तिला दुसरा प्रश्न विचारत नाही. इयनची जागा तुमच्या संहितेत तिची आहे.

तुम्ही जाता जाता असेही विचारले आहे की ‘सार्डिन्स’चेच मराठी रूपांतर सादर केले तर चालेल का. हक्कधारकांकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय करू नये, स्पर्धेतही नाही. रचनेतून शिकायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि सुखवस्तू इंग्रज घरातले मौन मराठी घरात जसेच्या तसे आणता येत नाही. आपल्याकडे विषय टाळताना माणसे गप्प बसत नाहीत, भरपूर बोलतात.

शेवटच्या पानाविषयी एवढेच. तुमच्याकडे खुनाची कबुली, तिचे कारण, पश्चात्ताप आणि पोलिसांना फोन, असे सगळे आहे. ‘सार्डिन्स’ लायटरपाशी थांबते. आग दाखवत नाही, पुढे कोण वाचले ते सांगत नाही. तुमची साखळी घट्ट असेल तर कबुलीची गरज पडणार नाही. एखाद्या वचनावर त्या बाईने मान वर करून पाहिले तरी पुरेल. ते पुरते की नाही हे तपासायला नवी संहिता विषय माहीत नसलेल्या चार-पाच जणांना वाचून दाखवा आणि शेवटच्या दोन पानांआधी थांबा. पुढे काय होईल असे विचारू नका. त्या प्रश्नाने ऐकणारे लगेच कोडे सोडवायला बसतात. त्यांना विचारा की यांतल्या कोणाची तुम्हाला आता काळजी वाटते आणि कोणाची भीती वाटते. दोन्ही प्रश्नांना त्यांनी त्या बाईचे नाव घेतले, तर शेवटची दोन पाने अर्ध्या पानात आणा आणि तालमीला सुरुवात करा.